खो

पाटाच्या पाळीवर विजेचे खांब आहेत.
पहिल्या महिन्यात दोन खांब,
मग पाच,
मग लहान पुलापर्यंत अकरा.
सहा महिने तेवढंच माझं मैदान.
सोबत माय, हातात छत्री,
ऊन नसलं तरी.

नागपूरहून येताना जामच्या चौकात बस बदलली,
तेव्हा कंडक्टर म्हणाला, "पोरगी लयच ताठ बसली."
माय म्हणाली, "बसू द्या भाऊ, महाग पडलं थे बसनं."
दोन सळ्या, चौदा स्क्रू.
धाकट्या सुयोगनं एक्स-रे खिडकीला लावून मोजले,
पुन्हा मोजले,
आणि सांगितलं, मामाच्या ट्रॉलीला याहून कमी आहेत.

त्याआधी दोन वर्षं
माय माझ्या शाळेच्या शर्टाचा एक खांदा
अर्धा इंच वेगळा कापायची.
विचारलं तर म्हणायची, कापड तसंच आहे.
गावात कुणाला कळलं नव्हतं, मलाही नाही.
कळलं होतं ते फक्त कात्रीला.
आता मी दीड इंच उंच झाले,
आणि कपाटातले सगळे शर्ट
खोटं बोलताना पकडले गेले.

वर्षभरानं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं:
पळणं चालेल. खो-खो चालेल.
सूर मारणं, इथं त्यांचं पेन थांबलं,
मग त्यांनी "नाही" लिहिलं आणि खाली रेघ ओढली.
डंभारे सरांनी तो कागद
बक्षिसांच्या कपाटाला चिकटवला.

सूर माझा होता.
खांबाला एका हातानं धरून
अख्खं अंग मुरुमावर फेकायचं,
धूळ खाली बसेपर्यंत पळणारी बाद.
हिंगणघाटच्या स्पर्धेत लोक त्यासाठी थांबायचे.
आता तो आचल मडावी मारते.
मी तिला दिला, असं सर म्हणतात.
मी दिला नाही. तिनं घेतला.
तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही,
चौथ्या दिवशी कोपर कुठं ठेवायचा ते दाखवलं.

राखेनं आखलेले चौकोन.
मी सहाव्यात. पाठ सरळ,
वाकायचं ते फक्त खुब्यातून;
गुडघे मात्र ओळखीचे निघाले.
मागून आचलची पावलं आली, जवळ आली, मंदावली,
आणि काहीच झालं नाही.
सगळ्या ओरडल्या, "ऊठ ना वं!"
मी बसूनच.

व्रणाच्या डावीकडं तळहाताएवढी जागा झोपलेली आहे.
जागी होईल, डॉक्टर म्हणाले होते,
नाही झाली तरी काही अडत नाही.
आचलनं नेमकं तिथं
दोन बोटांनी, पुटपुटत,
झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसा
खो दिला होता.

"असा देतेत का खो?"
"भेव वाटते मले. आत लोखंड हाय ना तुह्या."
"मंग? लोखंडाले लागते का?"
ती हसली नाही.
मीही हसायच्या बेतात नव्हते.
मैदानाच्या कडेला कुणाची तरी म्हैस उभी होती,
तीही वाट बघत असल्यासारखी.
मी हात मागं नेऊन खांदा दाखवला.
"इथं दे. जोरानं. अन् मोठ्यानं बोल."

पुन्हा पावलं.
ह्या वेळी ती थांबली नाही.
फट्.
खो!

मी उठले,
पूर्वीसारखी खाली मुंडी घालून नाही,
कुणी वरून दोरी ओढावी तशी, सरळच.
आठवीतली एक चिमुरडी पुढं पळत होती,
चपळ, वाकडीतिकडी, वाऱ्यासारखी नव्हे, उंदरासारखी.
मी तिला पकडलं नाही.
खांबापाशी वळताना माझा घेर मोठा झाला,
आणि ती सुटली.

संध्याकाळी माय धुणं काढत होती.
नव्या शर्टाच्या खांद्यावर
मुरुमाचा लाल पंजा, पाचही बोटं स्पष्ट.
तिनं शर्ट उजेडात धरला,
जसा सुयोगनं एक्स-रे धरला होता.
"कोनं मारलं वं तुले?"
"मारलं नाही माय," मी म्हणाले,
"खो देल्ला."